पगार वाढला, तरी काम का वाढत नाही?

ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी हा आकडा 90 वर नेला, रविवारचाही उल्लेख केला, आणि देशभर वाद पेटला. पण तो वाद तासांपाशीच अडकून राहिला. किती वेळ बसायचं यावर सगळे बोलले. बसलेला माणूस मन लावून काम करतो की घड्याळाकडे बघत दिवस ढकलतो, आणि यातलं काय होणार हे कशावरून ठरतं, याकडे फारसं कुणी वळलं नाही.

रोजचा प्रश्न मात्र तोच आहे. हिंजवडीच्या आयटी कंपनीत, चाकणच्या शॉपफ्लोअरवर, बँकेच्या काउंटरवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. इन्क्रिमेंटची पत्रं हातात पडायचा हंगाम आला की तो जास्त टोचतो. पगारवाढ देऊनही माणसं थंडच का, असं मालक विचारतो. एवढं राबूनही हाती एवढंच का, असं नोकरदार विचारतो.

यावर शंभर वर्षांहून जास्त काळ अभ्यास चालू आहे, आणि अलीकडचे काही फार चांगले प्रयोग आपल्याच देशात झाले आहेत. ते वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. एखाद्यावर ‘कामचुकार’ असा शिक्का मारण्याआधी त्याचे कष्ट आणि त्याचं फळ यांच्यामधली वाट तपासायला हवी. बहुतेक वेळा बिघाड त्या वाटेवर सापडतो.

इच्छा आहे, पण हात बांधलेले

आधी दोन शब्दांचा अर्थ ठरवून घेऊ. प्रेरणा म्हणजे काम करावंसं वाटणं आणि त्यात टिकून राहणं. कामगिरी म्हणजे प्रत्यक्ष किती आणि कसं काम झालं ते. या दोन गोष्टी एक नाहीत. कामगिरीसाठी इच्छा लागते, त्या कामाचं कसब लागतं आणि काम करता येईल अशी परिस्थितीही लागते. तिन्हींपैकी एक शून्य झालं की बाकीची दोन वाया जातात.

समजा, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर आहे. शिफ्टमध्ये ठरलेले जॉब काढायचे आहेत. मशीनवरचा इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं छोटं पातं, झिजलाय. स्टोअरवाला म्हणतो सुपरवायझरची सही आणा, आणि सुपरवायझर मीटिंगमध्ये आहे. झिजलेल्या इन्सर्टवर काम रेटलं तर जॉबची साइझ जाते, रिजेक्शन वाढतं. थांबून राहिलं तर टार्गेट हुकतं. शिफ्टच्या शेवटी दोन्हीपैकी एक आकडा खराब दिसणार आणि त्याच्यापुढे नाव ऑपरेटरचं लागणार. असं पुन्हा पुन्हा झालं की तो मनाशी एक हिशोब मांडतो: जीव तोडून केलं काय आणि रमतगमत केलं काय, शेवट तोच. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. मला तो अनुभवातून आलेला निष्कर्ष वाटतो.

तारापूर आणि उंबरगाव या पट्ट्यातल्या सुती कापड गिरण्यांमध्ये 2008 नंतर निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. 17 कंपन्यांचे 28 कारखाने त्यात होते. काही कारखान्यांना सल्लागारांनी अनेक महिने फुकट मदत केली. काम अगदी साधं होतं: माग बंद पडला तर का पडला याची नोंद ठेवायची, कापडातल्या दोषांचा रोजचा हिशोब लावायचा, सुताच्या साठ्यावर लेबल लावायचं, सुटे भाग जागच्या जागी ठेवायचे, आणि चांगल्या कामाला बक्षीस द्यायचं. पहिल्याच वर्षात या कारखान्यांची उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. बक्षीस हा त्यातला एक भाग होता. बाकी बराचसा भाग कामगाराच्या वाटेतले अडथळे काढण्याचा होता.

पाट कुठे फुटला आहे?

व्हिक्टर व्रूम या अभ्यासकाने 1964 मध्ये मांडलेला विचार मला सगळ्यात उपयोगी वाटतो. त्याचं म्हणणं असं की जोर लावण्याआधी माणूस कळत-नकळत तीन प्रश्नांची उत्तरं काढतो. मी मेहनत केली तर काम नीट होईल का? काम नीट झालं तर ठरलेलं मिळेल का? आणि जे मिळणार आहे, ते मला खरंच हवं आहे का?

विहिरीवरची मोटर आणि तिथून शेतात जाणारा पाट डोळ्यांसमोर आणा. पाट या तीन जागी फुटू शकतो. एका जागी जरी फुटला तरी शेवटचा वाफा कोरडाच राहतो. सातपूरच्या ऑपरेटरचा पाट पहिल्याच जागी फुटलेला आहे. मेहनत आणि काम यांच्यामध्ये झिजलेला इन्सर्ट उभा आहे. अप्रेझलमध्ये रेटिंग चांगलं येऊनही वाढ सगळ्यांना सारखीच मिळते, तिथे दुसरी जागा फुटली. ज्या बाईंना संध्याकाळी साडेपाचला पाळणाघर गाठायचं आहे, त्यांना बक्षीस म्हणून परगावची बढती दिली, तिथे तिसरी.

कंपन्या बहुतेक वेळा काय करतात? मोठी मोटर आणतात. म्हणजे बाहेरून वक्ता बोलावतात, हॉटेलात दिवसभराचं शिबिर घेतात, भिंतीवर घोषवाक्यं लावतात. त्या दिवशी माणसांना खरोखर बरं वाटतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण सोमवारी तीच माणसं त्याच फुटक्या पाटावर परत येतात.

पैशाने काम वाढतं का? वाढतं

‘पैसा सर्वस्व नाही’ हे वाक्य बहुधा पैसे देणाऱ्याच्या तोंडी जास्त ऐकू येतं. पुरावे पाहिले तर पैशाचा परिणाम होतो, आणि चांगलाच होतो.

अमेरिकेत गाड्यांच्या काचा बदलून देणाऱ्या सेफलाइट या कंपनीने 1994-95 मध्ये तासावर पगार देणं सोडून नगावर पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे यालाच पीस रेट म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लाझियर यांनी कंपनीच्या नोंदी तपासल्या. दर माणशी काम सुमारे 44 टक्क्यांनी वाढलं होतं. त्यातली साधारण अर्धी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्यामुळे होती. उरलेल्या वाढीमागचं मोठं कारण असं की झपाट्याने काम करणारे टिकले आणि तसेच नवे लोक येत गेले. काच नीट बसली नाही तर ज्याने बसवली त्यानेच, बिनपैशात, पुन्हा बसवायची असा नियम होता. त्यामुळे घाई करून दर्जा बिघडवण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

राजस्थानात उदयपूरजवळ सेवा मंदिर ही संस्था एकशिक्षकी शाळा चालवते. तिथे शिक्षक फार गैरहजर राहायचे. एस्थर ड्यूफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांच्या प्रयोगात काही शाळांना कॅमेरे दिले. शाळा भरताना आणि सुटताना एका मुलाने शिक्षक आणि वर्ग यांचा फोटो काढायचा. तारीख-वेळ फोटोवर आपोआप उमटायची आणि ती बदलता येत नव्हती. पगार हजर दिवसांवर ठरायचा. महिन्याला 20 दिवसांपेक्षा जास्त भरले की प्रत्येक दिवसाचे 50 रुपये वर, कमी भरले की तेवढेच कमी. जिथे ही पद्धत नव्हती तिथे गैरहजेरी 42 टक्के होती, कॅमेऱ्याच्या शाळांमध्ये 21 टक्के.

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सरकारी प्राथमिक शाळांत मुलांची प्रगती पाहून शिक्षकांना बोनस दिला. रक्कम सरासरी वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फार नाही. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुलं गणित आणि भाषेत इतरांच्या पुढे होतीच. ज्या विषयांवर बोनस नव्हता त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही ती पुढे होती.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कशाचे किती पैसे मिळणार हे आधी माहीत होतं आणि ते मोजणं कुणाच्या मर्जीवर नव्हतं.

मग टार्गेट लावलं की झालं?

नाही. मोजमाप कामाच्या एकाच बाजूचं असेल तर माणूस तीच बाजू ओढतो आणि बाकीचं काम मागे पडतं.

याचं सगळ्यात धडधडीत उदाहरण अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं. एकेका ग्राहकाला बँकेची आठ-आठ उत्पादनं विकायचा आग्रह होता. शाखांवर दबाव इतका की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती आणि कार्डं उघडली. 2016 मध्ये हे उघड झालं, 18.5 कोटी डॉलरचा दंड बसला, सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना काढल्याचं बँकेनेच सांगितलं. शेवटी बँकेने ही विक्रीची टार्गेटंच रद्द केली. तिथल्या कर्मचाऱ्यांमध्ये जोर भरपूर होता. टार्गेटने तो चुकीच्या दिशेला लावला.

आपल्याकडे बँकेत मुदत ठेव मोडायला गेलेल्या आजोबांच्या हातात विम्याचा फॉर्म येतो, तेव्हा समोरच्या मुलीवर रागावण्याआधी तिच्या टेबलाखालचा टार्गेटचा कागद आठवावा, असं मला मनापासून वाटतं.

शेजारच्याला जास्त मिळतं तेव्हा

पगार किती हा एक प्रश्न झाला. शेजारच्याच्या तुलनेत किती, हा त्याहून नाजूक प्रश्न आहे.

एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ओडिशात 378 मजुरांना महिनाभर कामावर ठेवून हे तपासलं. हाताने करायच्या साध्या वस्तू बनवायच्या होत्या. तिघा-तिघांचे गट केले. काही गटांत तिघांना सारखा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, काहींत वेगवेगळा. ज्यांना बरोबरीच्यांपेक्षा कमी रोज मिळाला त्यांचं काम तर घटलंच, शिवाय हजेरी 18 टक्के बिंदूंनी, म्हणजे दर शंभर दिवसांमागे 18 दिवसांनी, खाली आली. हे लोक कामाची चणचण असलेल्या भागातले. न येण्याने त्यांचंच नुकसान होतं, तरी ते घरी राहिले. अशा गटांतल्या माणसांचं आपसातलं सहकार्यही कमी झालं, जिथे सहकार्यात त्यांचाच फायदा होता तिथेसुद्धा.

पण या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कोण किती काम करतो हे जिथे उघड दिसत होतं, आणि जास्त रोज मिळणारा खरोखर जास्त काम काढत होता, तिथे रोजातल्या फरकाचा काहीही वाईट परिणाम दिसला नाही. माणसांना फरक खुपत नव्हता. कारण न कळणारा फरक खुपत होता.

आता बेल कर्व्ह आठवा. प्रत्येक टीममध्ये अमुक टक्के उत्कृष्ट, अमुक टक्के मध्यम आणि अमुक टक्के खालचे दाखवायचेच, अशी ही सक्तीची वर्गवारी. सगळी टीम चांगली असली तरी कुणाला तरी तळाला टाकावं लागतं, आणि त्या माणसाला देण्यासारखं कारण मॅनेजरकडे नसतं. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत 2013 मध्ये सोडली, इन्फोसिसने 2015 मध्ये. इतर काही कंपन्यांत मात्र ‘तुझं काम छान आहे, पण कोटा संपला’ हे वाक्य अजून ऐकू येतं. पाटाची दुसरी जागा इतक्या उघडपणे फोडणारं दुसरं वाक्य मला माहीत नाही.

सगळेच मिळून कमी काम करतात, त्याचं काय?

हा आक्षेप मालक मंडळी नेहमी घेतात आणि त्यात तथ्य आहे. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न हा टेलिफोन बनवणारा कारखाना होता. 1931-32 मध्ये तिथे 14 कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या कामाचं रोज निरीक्षण केलं. टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचच्या तारा जोडायच्या होत्या. गटाने जास्त काम केलं तर सगळ्यांनाच जास्त पैसे मिळणार होते. तरी कामगारांनी आपसात ठरवून टाकलं होतं की दिवसाला साधारण दोन संच झाले की पुरे. वेगाने करणाऱ्याला नावं ठेवली जायची, प्रसंगी दंडावर ठोसा बसायचा. फार कमी करणाऱ्यालाही बोलणी खावी लागायची.

पैसे समोर असताना असं का? कामगारांना भीती होती की आपण वेग दाखवला तर कंपनी नगामागचा दर कमी करेल किंवा माणसं कमी करेल. मंदीचे दिवस होते, कामावरून कपात चालू होती. आजही एखाद्या सेल्समनने मार्चमध्ये टार्गेट ओलांडलं की एप्रिलमध्ये त्याचं टार्गेट वाढवून मिळतं. पुढच्या मार्चमध्ये तो ऑर्डर हातात असूनही थांबवून ठेवतो. टार्गेट वाढवायचं असेल तर किती आणि कधी वाढेल, हे वर्षाच्या सुरुवातीला सांगून त्यावर ठाम राहणं, एवढा एकच उपाय मला यावर दिसतो.

डोक्यात उधारीचा हिशोब असताना

ओडिशातच सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिलबाख यांनी पानांच्या पत्रावळी बनवणाऱ्या मजुरांवर एक प्रयोग केला. मजुरीचा दर बदलला नाही. एकूण रक्कमही तीच. फक्त काहींना केलेल्या कामाचे बरेचसे पैसे थोडे आधी हातात दिले. हातात पैसे आल्यावर त्यांचं काम सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं आणि बेसावधपणे होणाऱ्या चुका घटल्या. जास्त गरीब मजुरांत हा फरक जास्त होता. किराणावाल्याची उधारी डोक्यात फिरत असेल तर हात नीट चालत नाहीत, हे यातून मोजून दिसलं.

ज्या ठेकेदाराकडे सात तारखेचा पगार वीसला होतो, त्याच्याकडच्या कामगारांच्या चुका मोजताना ही गोष्ट कुणी हिशोबात घेत नाही.

काहीजण पैशासाठी काम करतच नाहीत, असं म्हणतात

आतून येणारी ओढ खरी असते. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना प्रत्येक कोड्याचे पैसे दिले आणि नंतर ते थांबवले. ज्यांना पैसे मिळाले होते, ते मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावू लागले. आवडीने केलेल्या गोष्टीला दर लावला की कधी कधी आवडच विटते. डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते ही ओढ तीन गोष्टींवर टिकते: आपलं काम आपण ठरवू शकतो ही मोकळीक, आपल्याला हे जमतंय हा अनुभव, आणि बरोबरच्या माणसांशी असलेलं नातं.

पण इथे एक सावधगिरी हवी, आणि ती मला कळकळीने सांगायची आहे. ओढ आहे म्हणून पैसे कमी दिले तरी चालतील, असा अर्थ काढणं हा अन्याय आहे. आशा स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविका गावागावात बाळंतिणींचं, तान्ह्या मुलांचं, लसीकरणाचं काम करतात. त्यांच्यातली बांधिलकी कोविडच्या काळात सगळ्यांनी पाहिली. त्यांना मानधनासाठी पुन्हा पुन्हा आझाद मैदानात बसावं लागतं, तेव्हा आपण त्याच बांधिलकीवर दिवस काढत असतो.

सरकारी नोकरीत यातलं काही शक्य आहे का?

पगार आयोगाने ठरतो, नोकरी पक्की, मग साहेबाच्या हातात काय उरतं? बदली उरते. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात 525 मालमत्ता कर निरीक्षकांवर हा प्रयोग झाला. ज्याचं काम जास्त चांगलं, त्याला आपली जागा आधी निवडू द्यायची, मग पुढच्याला, असा क्रम लावला. पगारात एक रुपयाही न वाढवता करवसुलीच्या वाढीचा वेग 30 ते 41 टक्क्यांनी जास्त झाला. आपल्याकडे बदली म्हटलं की चिठ्ठी आणि ओळख आठवते. कामावरून क्रम लागला तर तीच बदली पाटाची दुसरी आणि तिसरी, दोन्ही जागा एकदम बुजवू शकते.

आणि ते 70 तास?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत किती तास काम झालं आणि किती माल निघाला, याच्या नोंदी ठेवल्या होत्या. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी त्या नव्याने तपासल्या. आठवड्याला 49 तासांपर्यंत तास वाढले की त्याच प्रमाणात काम वाढत होतं. त्यापुढे प्रत्येक जादा तासाची भर घटत गेली. 70 तास काम करून निघालेला माल 56 तासांत निघालेल्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता. कामगार तेच, देशासाठी लढाई चालू असताना राबणारे. प्रेरणेची कमतरता तिथे नक्कीच नव्हती, शरीर थकत होतं.

एकदा घडी बसवली की पुरतं का?

उदयपूरमध्येच सरकारी उपकेंद्रांतल्या नर्सबाईंसाठी हजेरीची तशीच पद्धत आणली होती. वेळ छापणारी यंत्रं दिली, गैरहजेरीला पगारकपात ठरवली. पहिले काही महिने हजेरी सुधारली. मग आरोग्य प्रशासनाने ‘सवलतीचे दिवस’ मंजूर करायला सुरुवात केली आणि त्यांची संख्या वाढत गेली. सोळा महिन्यांनी प्रयोगातल्या आणि प्रयोगाबाहेरच्या उपकेंद्रांत काही फरक उरला नव्हता. यंत्रं तीच होती, नियम तोच होता. तो पाळला जाणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं.

तारापूर-उंबरगावच्या गिरण्यांमध्ये संशोधक काही वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास अर्ध्या बंद पडलेल्या होत्या. त्याची मुख्य कारणं दोन होती: ज्या मॅनेजरने त्या बसवल्या तो सोडून गेला होता, किंवा मालकांना लक्ष द्यायला वेळ उरला नव्हता. तरीही ज्यांना ही मदत मिळाली नव्हती त्या कारखान्यांपेक्षा या गिरण्या अजून बऱ्याच पुढे होत्या. आणि ज्या पद्धतींचा फायदा डोळ्यांना दिसला होता, त्या मालकांनी आपल्या इतर कारखान्यांतही, कुणी न सांगता, सुरू केल्या होत्या.